सहाणेवरचे दोन वेढे

आमच्या जळगावच्या दवाखान्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला दोन कुलपं होती. एकाची किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी माझ्या कमरेला. दोघं समोरासमोर उभे असल्याशिवाय ते कपाट उघडायचं नाही, असा नियम. नवीन आलेल्या मुली विचारायच्या, "सिस्टर, एवढं काय सोनं ठेवलंय आत?" मी म्हणायची, "सोनं असतं तर एक कुलूप पुरलं असतं."

आत मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. नव्वद सालानंतरची ती वर्षं. खानदेशात तेव्हा हे औषध मिळवणं म्हणजे महाकठीण काम. सरकारी अर्ज, त्यावर शिक्के, शिक्क्यांवर सह्या. आमचे डॉक्टर जिद्दी होते म्हणून परवाना मिळाला, नाहीतर पुष्कळ मोठमोठे डॉक्टर नुसतं नाव काढलं तरी हात झटकायचे. "नको ती भानगड," म्हणायचे. आणि कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं घरी पडून भिंतीवर डोकं आपटायची. हे मी अलंकारिक बोलत नाही. एका बाईच्या घरी मी भिंतीवरचा तो डाग स्वतः पाहिला आहे.

मी मूळची धुळ्याची. नर्सिंग तिथेच शिकले. स्वभाव तापट, जीभ त्याहून तापट. वॉर्डात मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण त्या गोळीच्या बाबतीत माझ्याइतकं नीट समजावून सांगणारं दुसरं कोणी नाही, असं डॉक्टर चारचौघांत म्हणायचे. मलाही ते पटलेलं होतं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुखलं की गोळी घ्यायची, त्यात शिकवायचं काय? तर तसं नाही. ही गोळी दुखायची वाट बघत घ्यायची नाही, घड्याळ बघून घ्यायची. आमच्याकडची चार-चार तासांनी असायची. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आपल्या मनानं वाढवायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंदही करायची नाही. हिच्यामुळे पोट हमखास बांधतं, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध दिलेलं असतं, तेही न चुकता घ्यायचं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पेंग येते, त्याला घाबरायचं नाही. पण माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि होता तसा दवाखाना गाठायचा. वर दारू नाही, झोपेची गोळी नाही. डबा कुलपात. ज्याच्या नावाची गोळी त्याच्याच तोंडात. आणि माणूस गेलं की उरलेल्या गोळ्या आम्हाला परत.

एवढं सगळं मी प्रत्येक घराला तीनदा सांगायची आणि मग त्यांच्याकडून वदवून घ्यायची. तरी लोक ऐकतील तर शपथ! धरणगावच्या एका बाईनं नवऱ्याच्या बारा गोळ्या देव्हाऱ्यात लपवून ठेवल्या होत्या. नवरा इकडे तडफडतोय आणि ही म्हणते, "अडीअडचणीला असू द्या म्हटलं." मी म्हटलं, "बाई, याहून मोठी अडचण कोणती यायची राहिली आहे?" याच्या अगदी उलट भुसावळचे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर. वहीत प्रत्येक गोळीची वेळ लिहायचे. 'दहाची गोळी, सात मिनिटे लेट, कारण पाहुणे.' मी गेले की वही पुढे करायचे आणि लेट झालेल्या गोळ्यांबद्दल माझी माफी मागायचे. त्यांच्यावर मी एकदाही ओरडले नाही.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले, तिथे येते.

भडगावच्या पुढे गिरणेच्या काठी एक गाव आहे. तिथले आबा आमचे पेशंट. साठीतले शेतकरी, एके काळचे पहिलवान. तंबाखूनं जबड्यात कॅन्सर धरला आणि तो तिथून गळ्यात उतरला. आमच्याकडे आले तेव्हा महिनाभर आडवे झाले नव्हते. आडवं झालं की कळ कानापर्यंत जायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच काय तो डोळा लागेल तेवढा. सोबत त्यांची बायको. तिला बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव अक्का म्हणायचा, मग आम्हीही अक्काच म्हणायला लागलो. काटक बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही, आणि डोळे असे की समोरच्याचं सगळं टिपून घेतील. मुलगा भास्कर शेती बघायचा. सून मंगला, कमी बोलणारी. तिच्या मांडीवर पाच महिन्यांचा पोऱ्या.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मी अक्काला बाजूच्या खोलीत घेऊन बसले आणि माझा पाढा सुरू केला. अक्का ऐकत होती, पण चेहरा दगडासारखा. शेवटी म्हणाली, "सिस्टरबाई, ही गोळी दिधी का मानूस संपस, आसं म्हनतस गावमा. खरं का?"

ही भीती सगळ्यांनाच असायची. तिच्यावर माझ्याकडे चार-पाच उत्तरं तयार होती. पण त्या दिवशी मला वाटलं, हिला हिच्याच भाषेत सांगू. मी म्हटलं, "अहो अक्का, एवढं घाबरण्यासारखं काही नाही त्यात. अफूच्या बोंडातूनच निघते ही. पूर्वी तुम्ही बायका कापूस वेचायला जाताना लेकरांना बाळगोळी द्यायच्या ना, त्यात काय असायचं? अफूच ना? तिचीच ही मोठी बहीण समजा."

अक्काचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "आस्सं व्हय!" म्हणाली. "मंग तं घरनीच दवा शे नं ही."

मी हसले. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात समजावणं. पुस्तकातलं बोलत बसले असते तर बाईनं गोळीला हात लावला नसता. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य कागदावर लिहिताना माझा हात थांबतो आहे. पण मी ते बोलले, अगदी याच शब्दांत बोलले. आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

आबांना गोळी गिळता येत नव्हती. म्हणून ती चमच्यात चुरून, पाण्यात कालवून कशी द्यायची ते मी अक्काला दाखवलं. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिनं गावात येणाऱ्या एसटीच्या वेळा आणि रेडिओवरच्या बातम्या अशी मोट बांधली आणि एकही गोळी चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी आबा आडवे होऊन झोपले. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा पोऱ्याला पोटावर बसवून त्याच्याशी कुस्ती खेळत होते. मला म्हणाले, "सिस्टर, हा गडी मला चीत करतो रोज."

दर पंधरा दिवसांनी दवाखान्याची जीप अशा घरांची फेरी करायची. एकदा डॉक्टर, एकदा मी. मी गोळ्या द्यायची, उरलेल्या मोजायची, पेशंटला विचारायची, पुढच्या गावाला निघायची. जीप चालवायला रमजानभाई. शांत माणूस, हॉर्नसुद्धा दबकत वाजवायचा.

कापसाची वेचणी ऐन भरात होती. आम्ही सकाळी दहा-साडेदहाला आबांच्या गावात शिरलो. घरं ओस, सगळं गाव शेतात. अक्का ओट्यावरच बसली होती, तोंडभर हसत.

"उन्यात का सिस्टरबाई? या, बसा. दखा, आज कसं घर थंडगार शे!"

खरंच शांत होतं. आत आबा खाटेवर पडले होते, जागे होते, दुखणं आटोक्यात होतं. मी गोळ्या मोजायला घेतल्या. हिशेबानं एक कमी भरली. मी पुन्हा मोजल्या. पुन्हा एक कमी.

"अक्का, एक गोळी कुठे गेली?"

"सांगस ना. आधी पोऱ्याले तं दखा. दात येवाना, तीन दिन रडी रडी बठ्ठं घर डोकावर लेल व्हतं. ना आबाले झोप, ना मंगलाले. ती बिचारी वेचनीले कशी जाई? आज दखा, कसा मस्त जपेल शे."

तिनं झोपलेल्या पोऱ्याच्या झोळीचा कपडा बाजूला केला. 

पोऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता. ओठ निळसर. मी गालावर चापट मारली, तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पापणी वर केली, तर बाहुली मोहरीच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती. छातीकडे बघत उभी राहिले. मनात दहा मोजले तरी छाती हलेना. मग एकदा हलली. मग पुन्हा काही नाही. अगं आई गं! 

"अक्का! काय दिलंत याला?"

माझा आवाज ऐकून तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं कोपऱ्यातली सहाण दाखवली. सहाणेवर पांढरा लेप वाळलेला होता आणि बाजूला गोळीचा खपलीएवढा तुकडा.

"दोनच येढा दिधात बाई. जास्त नही. घुटीना दोन येढा देतस ना, तश्या. दूधमा टाकीसन."

वाचणाऱ्या नव्या मुलींसाठी सांगते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला घुटी देतात तेव्हा वेखंड, हळकुंड, सुंठ सहाणेवर पाण्यात उगाळतात. कशाचे किती वेढे द्यायचे, हे आजीला तोंडपाठ. वेखंडाचा एक, हळकुंडाचे दोन. ही मुळं लाकडासारखी टणक. दोन वेढ्यांत त्यांचं काय झिजणार? पाणी जेमतेम रंगतं. पण गोळी म्हणजे मूळ नव्हे. ओल्या दगडावर तिचा दोन वेढ्यांत अर्ध्याहून जास्त भाग विरघळला होता. पन्नास वर्षांचा तिचा अंदाज, कितीतरी लेकरांना घुटी दिलेला हात, आणि त्या हातानं मोठ्या माणसाचं औषध पाच महिन्यांच्या जिवाच्या पोटात घातलं होतं.

"मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही म्हणून!" मी किंचाळलेच.

"परकाले नही देवानी, आसंच समजनू मी. पोऱ्या परका शे का, बाई?"

  मी पोऱ्याला उचललं, जीपकडे धावले आणि रमजानभाईला ओरडून सांगितलं, पाचोरा, जमेल तितक्या जोरात. अक्का अनवाणी मागच्या बाजूला चढली. आबा खाटेवरून उठायची धडपड करत काहीतरी विचारत होते. त्यांना उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही.

या औषधाला उतारा आहे. त्याचं इंजेक्शन असतं, आमच्याकडे दोन होती, आणि ती दोन्ही जळगावच्या त्या दोन कुलपांच्या कपाटात होती. फेरीची पिशवी मी भरायची. पिशवीत गोळ्या होत्या, पोट साफ व्हायचं औषध होतं, कापूस होता, थर्मामीटर होतं. उतारा न्यायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. घरोघरी विष वाटत हिंडत होते आणि उतारा घरी ठेवून!

हातात एकच गोष्ट होती, माझा श्वास. तान्ह्या बाळाच्या तोंडावर आणि नाकावर मिळून आपलं तोंड ठेवायचं आणि फक्त गालातली हवा हलकेच फुंकायची. जोरात फुंकलं तर फुप्फुस फाटेल. एक, दोन, तीन, फुंक. एक, दोन, तीन, फुंक. रस्ता तेव्हाचा, त्याबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक खड्ड्याला माझं तोंड त्याच्या तोंडावरून सुटायचं आणि मी पुन्हा शोधायची. समोर अक्का माझ्याकडे बघत बसली होती.  रडत नव्हती.

पाचोऱ्याला एका ऑपरेशनच्या दवाखान्यात भूल देणारे डॉक्टर होते, त्यांची माझी तोंडओळख होती. मी पोऱ्याला घेऊन थेट आतच घुसले. आतल्या बाईनं अडवलं तिला काय बोलले आठवत नाही, चांगलं नक्कीच बोलले नसणार. डॉक्टरांनी बाहुली बघितली आणि काही न विचारता कपाटाकडे गेले. त्यांच्याकडे उताऱ्याच्या दोन कुप्या होत्या. पहिली दिली. मी घड्याळाकडे बघत होते. मिनिटभरात पोऱ्यानं मोठा श्वास घेतला. मग दुसरा. ओठ गुलाबी व्हायला लागले आणि असं भोकाड पसरलं त्यानं, असं भोकाड, की ऑपरेशनच्या खोलीतून लोक डोकावले.

अक्का मटकन खाली बसली. रमजानभाईनं आभाळाकडे हात जोडले. मलाही वाटलं, सुटलो. पण ते डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला माहीत आहे ना? उतारा लवकर उतरतो. विष राहतं."

माहीत होतं. त्या घटकेला विसरले होते, एवढंच. उताऱ्याचा जोर तासाभराचा, आणि गोळी त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ अंगात. रडणारं पोर पुन्हा झोपणार होतं. डॉक्टरांच्या टेबलावर पोट उघडलेला पेशंट होता, त्यांना निघता येईना. दुसरी कुपी त्यांनी सुईत भरून माझ्या हातात दिली, किती द्यायचं त्याची खूण करून दिली आणि म्हणाले, "झोपायला लागला की थांबू नका. आणि जळगावला फोन करतो, तयार राहतील."

अर्ध्या रस्त्यापर्यंत पोऱ्या माझ्या मांडीवर रडत होता. आयुष्यात कुणाच्या रडण्यानं मला इतकं बरं वाटलं नाही. मग रडणं बारीक झालं. मग नुसती कुरकुर. शिरसोली यायच्या आधी त्याची मान माझ्या दंडावर कलंडली. अक्का एकदम पुढे झुकली आणि पहिल्यांदा बोलली, "बाई, परत जपना का?"

रमजानभाईनं जीप बाभळीखाली उभी केली. मी ती सुई दिली. अक्कानं पोऱ्याचा पाय घट्ट धरला. तिची पकड जराही ढिली झाली नाही. आम्ही दोघी त्याच्या छातीकडे बघत राहिलो. हलली. मग हलत राहिली.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर स्वतः उभे होते. त्यानंतरचे दोन दिवस पोऱ्या आमच्याच वॉर्डात होता. कपाटातल्या दोन कुप्यांतली एक वापरावी लागली. तिसऱ्या दिवशी तो दूध प्यायला आणि आईची बांगडी चावायला लागला. पोऱ्या वाचला.

पण पहिल्या दिवशीच दुपारी काय झालं ते राहिलं. बातमी कळल्यावर भास्कर आणि मंगला शेतातून तसेच आले होते, मंगलाच्या ओटीत अजून कापसाची बोंडं होती. असा प्रकार झाला की पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून जमादारही आला होता. डॉक्टरांच्या खोलीत सगळे उभे. जमादारानं कागद पुढे ओढला. डॉक्टर अक्काला म्हणाले, आवाज दबका होता पण रागानं फुटत होता, "अक्का, मोठ्या माणसाची ही गोळी. बाळाला द्यावी असं तुम्हाला सांगितलं कोणी? कुठून आलं हे डोक्यात?"

मी दाराशी उभी होते.  कुठून आलं ते मला ठाऊक होतं. मला दिसत होती ती खोली, तिचा उजळलेला चेहरा आणि माझं ते शहाणपण. हिनं आता माझ्याकडे बोट दाखवलं की संपलं. नोकरी जाईल, परवाना जाईल, आणि जायलाच हवा, असंही त्याच वेळी मनात येत होतं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. ओझरतं नाही, चांगलं बघितलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "माले कोनी नही सांगं. मन्हं मालेच वाटनं."

"नक्की?" जमादारानं विचारलं. "सिस्टरनी काय सांगितलं होतं?"

"सिस्टरबाईनी तं नकोच सांगेल व्हतं. दुसराले देवानी नही म्हने. मीच नही आयकं."

जमादारानं ते मराठीत लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा उमटवला. मंगला कोपऱ्यात उभी होती. तिनं सासूकडे पाहिलं, आणि तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पदर ओढून घेतला आणि पोऱ्याच्या खाटेकडे गेली. अक्का तिच्या मागे दोन पावलं गेली, तर मंगला वळून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही त्याला हात लावू नका."

आणि मी? मी गप्प राहिले. माझ्यासारखी बोलभांड बाई, जी वॉर्डात डॉक्टरांनाही सुनवायची, ती भिंतीला टेकून गप्प राहिली. संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. पाचोऱ्यापर्यंत तोंडानं श्वास देत पोर जिवंत आणलं म्हणून. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, तर सगळ्यांना तो माझा नम्रपणा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले, तेवढं मात्र खरं. उतारा फेरीच्या पिशवीत कायमचा गेला. गोळ्यांसाठी कुलपाचे पत्र्याचे डबे करून घेतले. समजावताना 'दुसऱ्या कुणाला देऊ नका' हे वाक्यच काढून टाकलं. त्याऐवजी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सांगायला लागले. नातवाला नाही, सुनेला नाही, गुडघे दुखणाऱ्या जावेला नाही, तुम्हाला स्वतःलाही नाही. लोक हसायचे. हसू देत. आणि अफूचं नाव पुन्हा माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

आबांच्या गोळ्या चालूच राहिल्या. डॉक्टर म्हणाले, त्यात त्यांचा काय दोष? आता डब्याची किल्ली भास्करच्या गळ्यात असायची. मी फेरीला जायची तेव्हा आबा निजलेले असायचे, निवांत. पोऱ्या मंगलाच्या कडेवर. ती वेचणीला गेली तर त्याला पाठीशी बांधून न्यायची, घरी ठेवायची नाही. गावात अक्काला काय म्हणतात ते मला रमजानभाईनं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. अक्का ओट्यावर बसलेली असायची, मला "या बाई" म्हणायची, आणि आत जायची नाही.

दीड-दोन महिन्यांनी आबा गेले. झोपेत गेले, कळ न येता. आमच्या कामात याहून चांगलं मरण नसतं. मी उरलेल्या गोळ्या परत घ्यायला आणि भेटायला गेले. भास्करनं डबा आणून दिला, मी मोजल्या, बरोबर भरल्या. तो चहाचं सांगायला आत गेला. ओट्यावर अक्का आणि मी. इतके दिवस गिळत होते ते शेवटी तोंडातून बाहेर पडलं.

"अक्का, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? सांगितलं तर मीच होतं ना तुम्हाला?"

ती जराही दचकली नाही. जणू मी कधी विचारते याचीच वाट बघत होती.

"तुमनं नाव लेती, तं तुमले काढी टाकतात," ती म्हणाली. "मंग त्यासले गोळी कोन देतं?"

 पोर मरणाच्या दारात, पोलीस समोर, सून अशी बघते आहे, आणि ही बाई त्या क्षणी एवढाच हिशेब करत होती. महिनाभर भिंतीला टेकून बसलेला नवरा पुन्हा बसायला नको. त्यासाठी तिनं नातू गमावला होता, जिवंत नातू.

आता तर आबा नव्हते. आता गोळीची गरज उरली नव्हती. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. मंगला आतच होती, दाराच्या पलीकडे चार पावलांवर. कडेवर पोऱ्या होता, त्याच्या बोबड्या हुंकारांचा आवाज मला ऐकू येत होता. उठून आत जायचं आणि म्हणायचं, "मंगला, ते मी सांगितलं होतं." पाच शब्द. अक्का माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

भास्कर चहा घेऊन आला. मी चहा प्यायले, कप खाली ठेवला, आणि जीपमध्ये जाऊन बसले.